बिनकव्हराचं पुस्तक

"पुस्तकाचं नाव काय?" एस्तेरआत्यांनी विचारलं.

खोलीत सगळ्यांच्या मांडीवर एकेक पुस्तक होतं. माझ्या मांडीवर चहाची रिकामी बशी होती.

"नाव नाही ठाऊक," मी म्हणाले. "कव्हर फाटलेलं होतं. पहिली काही पानंही नव्हती. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायकांच्या खोलीत पडलं होतं, कुणीतरी विसरून गेलेलं."

"म्हणजे लेखकही ठाऊक नाही?"

"नाही."

"अरे, मग तर उत्तम!" पप्पा खुर्चीत पुढे सरकले. "नाव कळलं की माणूस नावालाच मान देऊन मोकळा होतो. सांग, सुवार्ता. तुझ्या बिनकव्हराच्या पुस्तकात काय आहे ते सांग."

पप्पा म्हणजे माझे सासरे, फिलेमोन उजागरे. नगरच्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाले तरी कानावरची पेन्सिल उतरली नव्हती. लग्नाच्या पत्रिकासुद्धा ते आधी दुरुस्त करत आणि मग कुणाचं लग्न आहे ते बघत. घरात त्यांनी एक रीत पाडली होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चहून आल्यावर मटण-भाताचं जेवण, मग थोडी झोप, आणि उन्हं कलली की बाहेरच्या खोलीत चहा घेता घेता प्रत्येकाने त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. आवडलं-नावडलं एवढ्यावर भागत नसे. गोष्ट सांगायची, आणि तिच्यातलं कोण खटकलं ते सांगायचं. मग बाकीचेही आपापलं मत देत. सांगणाऱ्याची पाळी शेवटी. 'सगळेच बरे वाटले' असं कुणी म्हटलं की पप्पा म्हणत, "म्हणजे तू वाचलं नाहीस, पानं उलटलीस."

माझं लग्न त्या उन्हाळ्यात झालं होतं. पहिल्या महिन्याच्या रविवारी माझी ड्यूटी होती. दुसऱ्या महिन्यात डोकं दुखलं. तिसऱ्या महिन्यात डोकं दुखायची सोय राहिली नव्हती, कारण आत्यांनी सकाळीच विचारलं होतं, "आज बरं आहे ना तुला?" आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. इस्पितळात मेट्रन होत्या आणि घरातही मेट्रनच होत्या.

मी वाचणारी नव्हते. मी मामाकडे वाढले. तिथे घरात पुस्तकं दोनच, आणि ती दोन्ही चर्चला न्यायची. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, घरी आल्यावर शब्द नकोसे व्हायचे. माझ्या नवऱ्याने, अनुग्रहने, मला वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणून दिली होती. तिच्या पहिल्या प्रकरणातच मला रोज झोप लागायची.

"काहीही सांग," तो आदल्या दिवशी म्हणाला होता. "पप्पा रागवत नाहीत."

पण मला राग चालला असता. या घरात मी अडाणी ठरेन, ही भीती होती. आधी मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, एका विधवा बाईने माळावर बाग कशी उभी केली त्याची गोष्ट सांगितली होती. आत्यांनी समुद्रावरच्या एका दीपगृहाची. आणि किती छान सांगत होते सगळे! मला काही रचता येत नव्हतं. खोटं पुस्तक सांगायचं तर आतली गोष्ट तरी खरी हवी होती, नाहीतर दुसऱ्या प्रश्नालाच मी अडखळले असते. आणि खरी म्हणावी अशी गोष्ट मला एकच येत होती.

"एका कीर्तनकाराची गोष्ट आहे," मी म्हणाले. "आपल्यातल्याच. ख्रिस्ती कीर्तनकाराची."

"वा!" पप्पा म्हणाले. "हा विषय कुणी घेतला नव्हता."

मी सांगायला लागले. खेड्याखेड्यांतून कीर्तन करत फिरणारा माणूस. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. बायको लवकर वारलेली. एक मुलगी, तिला तो बरोबरच घेऊन फिरतो. मुलगी मागे उभी राहून टाळ वाजवते आणि ध्रुपद उचलते. त्याचा आवाज असा की शेतातून परतणारी माणसं बैलगाडी थांबवून ऐकत. उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं की म्हातारे बाप धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. मुलीला वाटायचं, आपल्या बापासारखा बाप साऱ्या मुलखात नाही.

"लहान मुलीचं मन बरोबर पकडलंय," मम्मी म्हणाल्या.

"मग त्याचा घसा बसायला लागतो," मी म्हणाले. "कुणीतरी सांगतं, थोडी घेत जा, घसा मोकळा होईल. तो थोडी घ्यायला लागतो."

"आलं वळणावर," आत्या म्हणाल्या.

"मुलीला कळतं, पण लोकांना कळत नाही. तो घेऊन उभा राहिला तरी ओवी चुकत नाही. मग एका नाताळाच्या आठवड्यात एका गावी मंडप घातलेला असतो. मळेवाडी नावाचं गाव. चार वाड्यांची माणसं जमलेली असतात. जन्माचं आख्यान लावलेलं असतं. योसेफ आणि मरिया दारोदार जागा मागतात, कुणी देत नाही, इथपर्यंत छान रंगतं. आणि तिथे तो थांबतो. पुढचं आठवत नाही. मुलगी मागून हळूच शब्द सांगते, पण त्याला ऐकू जात नाही. त्याचे पाय लटपटतात आणि तो चौरंगाशी खाली बसतो. आणि..."

मी थांबले. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. अनुग्रहलाही नाही.

"आणि काय?" पप्पांनी विचारलं.

"त्याचं धोतर ओलं होतं. सगळ्यांसमोर. पेट्रोमॅक्सच्या उजेडात."

मम्मींनी "अरे देवा" म्हटलं आणि पदर तोंडाशी धरला.

"लोक गप्प. मग तो स्वतःकडे बघतो, लोकांकडे बघतो, आणि म्हणतो, 'मंडळी, त्या रात्री गोठा तरी कुठे कोरडा होता!' आणि सगळा मंडप हसतो."

आत्या एकदम हसल्या. मोठ्याने. बशी खाली ठेवून त्यांनी टाळी वाजवली.

"अरे, ही गोष्ट मी ऐकलीय! आमच्या वॉर्डात एक पेशंट होता शेवगावकडचा, तो सांगायचा. गोठा तरी कुठे कोरडा होता! आम्ही सगळ्या नर्सेस हसून हसून... म्हणजे लेखकाने ती तिथूनच उचललेली दिसतेय. खरा घडलेला प्रसंग आहे हा, फिलेमोन."

"असेना," पप्पा म्हणाले. "लेखक आकाशातून थोडंच आणतो? पुढे सांग."

माझे कान तापले होते. बारा वर्षांपूर्वी त्या मंडपात जे हसू फुटलं ते कुठल्या कुठे, नगरच्या इस्पितळातल्या वॉर्डापर्यंत पोचलं होतं आणि आता माझ्या सासरच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसलं होतं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पप्पांचे डोळे माझ्यावर खिळले होते, आणि इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं.

"त्याने बसल्या बसल्या कीर्तन पुरं केलं," मी म्हणाले. "पण मुलगी तिथे नव्हती. लोक हसले तशी ती टाळ टाकून मंडपाबाहेर पळाली. एका गोठ्याच्या मागे जाऊन बसली. बाप तिला हाका मारत होता, तिने ओ दिली नाही. सकाळी ती एका गाडीवानाबरोबर मामाच्या गावी गेली आणि परत कधी बापाकडे राहायला आली नाही."

"आणि बापाचं काय झालं?" मम्मींनी विचारलं.

"त्याने पिणं सोडलं. पण त्याला कुणी कीर्तनाला बोलावेना. तो उभा राहिला की लोक तोच विनोद आठवून हसायचे. मग दम्याने धरलं. गावातल्या छोट्या ख्रिस्ती देवळाच्या शेजारी एका खोलीत राहतो, पोरांना गाणी शिकवतो. मुलगी मोठी होते, नोकरीला लागते, तिचं लग्न ठरतं. ती बापाला बोलवायला जाते. तो म्हणतो, 'मी येत न्हाई, पोरी. धूळ लई असती, माझा दम उठंल.' चर्चमध्ये कसली आलीय धूळ? पण ती 'बरं' म्हणते."

"आग्रह करत नाही?" पप्पांनी विचारलं.

"नाही. आणि लग्नाच्या दिवशी वेदीपाशी उभी असताना ती मागे वळून बघते. तो खरोखरच आलेला नसतो. तेव्हा तिला..." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटतं."

अनुग्रहने पुस्तक मिटलं. तो माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण तो माझ्याकडे बघतोय हे मला कळलं. वेदीपाशी मी मागे वळले होते तेव्हा तो माझ्या बाजूलाच उभा होता. "कुणाला शोधतेस?" असं त्याने पुटपुटून विचारलंही होतं.

"संपलं?" आत्यांनी विचारलं.

"संपलं."

"बरं, मग कोण खटकलं?" पप्पांनी हात चोळले. "ताई, तू सांग."

"बाप. दुसरं कोण? देवाचं वचन तोंडात आणि दारू पोटात. वर विनोद करतो! मुलीने केलं ते योग्यच केलं."

"मला तो मामा खटकला," मम्मी म्हणाल्या. "पोरीला परत बापाकडे घेऊन जायला नको का कुणीतरी? मोठ्या माणसाचं काम होतं ते."

"अनुग्रह?"

"मला कुणी खटकलं नाही," अनुग्रह म्हणाला.

"म्हणजे तू ऐकलं नाहीस."

"ऐकलं, पप्पा. मला कुणी खटकलं नाही. आज एवढं पुरे करू या का?"

"अरे, असं कसं पुरे? इतक्या दिवसांत अशी गोष्ट आली नव्हती." पप्पांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. रंगात आले की ते ती काढत. "सांगू का? मला मुलगी खटकली. आणि लेखकही थोडा खटकला, कारण त्याने तिला फार सांभाळून घेतलंय. आपल्याला तिची दया यावी अशीच सगळी मांडणी. पण नीट बघा. त्या मंडपात खरी लाज कुणाची गेली? त्या माणसाची. तो पळाला? नाही. ओल्या धोतराने बसून त्याने कीर्तन पुरं केलं. लोक हसले ते त्याने अंगावर घेतलं. त्याचं म्हणावं असं तिथे एकच माणूस होतं, आणि तेच उठून गेलं. लहान होती, ते मी सोडून देतो. पण मोठी झाल्यावर? तो धुळीचं निमित्त सांगतो ते कुणासाठी? तिला खाली बघायला लागू नये म्हणून. आणि ही 'बरं' म्हणते! सुटल्यासारखं वाटतं! बापाने केव्हाच दारू सोडली. ही अजून त्याला त्या चौरंगाशीच बसवून ठेवते. नाही, नाही. अशी मुलगी माझ्या घरात असती तर मी तिच्याशी बोललो नसतो."

"पप्पा," अनुग्रह म्हणाला.

"थांब रे. सुवार्ता, आता तू सांग. तुझं पुस्तक आहे. तुला कोण खटकलं?"

"मुलगीच," मी म्हणाले.

"शाब्बास! का?"

"ती मी आहे, पप्पा."

 रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचे घुंगरू वळणापर्यंत ऐकू आले. आत्यांचा हात अर्ध्यावर उचलला होता तसाच राहिला. मम्मी उठल्या आणि सगळ्यांच्या कपबशा गोळा करायला लागल्या, ज्यांचा चहा अजून प्यायचा होता त्यांच्याही. पप्पांनी चष्मा काढला. काचा पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, आणि चष्मा तसाच हातात धरून ते बसून राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. एखाद्याने सगळ्यांसमोर थोबाडीत द्यावी तसा तो झाला होता.

"मी जरा फिरून येतो," म्हणून ते उठले. चपला घालताना त्यांनी उजव्या पायाची डाव्या पायात घातली आणि तशीच ओढत दोन पायऱ्या उतरले.

आमच्या खोलीत आल्यावर अनुग्रहने मला काही विचारलं नाही. "मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी जेवायला बसले की पप्पांना बागेत काम निघे. मी ड्यूटीवर गेले की ते जेवत. समोरासमोर आलो तर भिंतीला खेटून मला वाट देत, जणू मीच कुणी मोठी होते. आत्या माझ्याशी नको तेवढं गोड बोलू लागल्या. घरात पुस्तकं जिथल्या तिथे होती पण कुणी हातात घेत नव्हतं. मला वाटलं, पप्पा बोलल्याप्रमाणे वागताहेत. अशा मुलीशी ते बोलणार नव्हतेच.

"रागवलेत ना माझ्यावर?" मी अनुग्रहला विचारलं.

"नाही गं. तुझ्याकडे बघायची त्यांना लाज वाटते."

पप्पा आणि मी एकमेकांची लाज धरून एका घरात किती दिवस राहणार होतो कोण जाणे. एक दिवस दुपारची ड्यूटी संपवून मी बाहेर पडले तर एक्स्चेंजच्या फाटकाशी पप्पा उभे. छत्री मिटून हातात धरलेली. याआधी ते तिथे कधीच आले नव्हते.

"तुझ्या वडिलांकडे कधी जायचं?" त्यांनी फाटकाकडे बघत विचारलं.

"पप्पा, कशाला?"

"त्यांना भेटलो नाही मी. व्याही आहेत माझे. आजारी आहेत म्हणून मामांनी सांगितलं आणि मी 'बरं' म्हणालो. मीही 'बरं'च म्हणालो, सुवार्ता."

शनिवारी पप्पा, अनुग्रह आणि मी निघालो. मम्मींनी नानकटाईचा डबा दिला. आत्या दारापर्यंत आल्या. "त्यांना सांग..." असं म्हणाल्या, आणि मग, "नको, काही सांगू नको," म्हणून आत गेल्या.

नेवाशाच्या पुढे एसटीतून उतरून बरंच चालावं लागतं. बाबा देवळाच्या ओट्यावर पोरांना घेऊन बसला होता. मला त्याने लांबूनच ओळखलं असावं, कारण तो लगबगीने आत गेला आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आला. घाईत गुंड्या खालीवर लागल्या होत्या. किती वाळला होता! मागच्या वेळी मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. पत्रिका देऊन परतायची मला घाई होती.

"या साहेब, या. जावईबापू, या," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नुसतं हसला. पोरांना पळवलं, घोंगडी अंथरली, शेजारणीला चहा टाकायला सांगितलं. धावपळीने त्याला धाप लागली आणि ती लपवायला तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

चहा झाला. पाऊस, पिकं, दम्यावरची औषधं असं सगळं बोलून झालं. मग पप्पांनी घसा साफ केला.

"अमोलिक, मी तुमची क्षमा मागायला आलोय."

"माझी? आन् ती कशापायी?"

"सुवार्ताने आम्हाला तुमची गोष्ट सांगितली. मळेवाडीची."

बाबा निश्चल झाला. खोलीत फक्त त्याच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. मी खाली मान घालून घोंगडीचे धागे ओढत होते. तिथून उठून मी पुन्हा एकदा पळाले असते, पण दार त्याच्या पाठीशी होतं.

"आणि ती ऐकून मी नको ते बोललो," पप्पा पुढे म्हणाले. "माहीत नसताना बोललो. तुमच्याबद्दल नाही. तुमच्या मुलीबद्दल. मी म्हणालो, सगळे हसत असताना बापाला टाकून ती..."

बाबाने पप्पांकडे पाहिलं, अनुग्रहकडे पाहिलं, मग माझ्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. समोरच्या मंडळींच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आणि मग तो हसला. मोठ्याने, मोकळा.

"हात्तिच्या! मळेवाडी व्हय! ती तर साऱ्या तालुक्याला ठाव हाये. पन साहेब, तिनं तुम्हाला अर्धीच सांगितली जनू."

"अर्धी?"

"मानसं हसली, ते खरं. मी खाली बसलो, तेबी खरं. पन ही पोर काय करती? टाळ ठिवले खाली, माझ्या खांद्यावरची शाल वढली, आन् दोन्ही हातांनी अशी धरून फुडं हुबी ऱ्हायली. आडोसा केला मला. एवढीशी पोर! मानसं हसत्यात, हिच्या डोळ्यांतनं पानी गळतंय, पन हात खाली न्हाई. कीर्तन संपंस्तवर. म्हनून तर पुरं केलं मी. न्हाईतर माझी काय टाप व्हती?" त्याने दोन्ही हात पसरून शाल धरून दाखवली. "सकाळी गेली मामाकडं. जानारच की. लेकरानं तरी किती सोसायचं?"

अनुग्रहचे डोळे भरून आले. पप्पा माझ्याकडे वळले.

"हे तू सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

मी बाबाकडे पाहिलं. त्याने नजर हलवली नाही. त्या नजरेत इशारा नव्हता, विनवणी नव्हती. इतका सरळ बघत होता की क्षणभर मलाच वाटलं, धरली होती की काय मी शाल? पण मी गोठ्यामागे बसले होते. शेणाचा वास मला आठवत होता. तो हाका मारत होता, 'सुवार्ता, ए सुवार्ता', आणि मी तोंडावर हात दाबून बसले होते. आणि शाल तर नव्हतीच. त्याच्या खांद्यावर उपरणं असायचं.

"ती कशी सांगंल?" बाबा म्हणाला. "आपलं कौतुक आपन कुनी सांगतं व्हय? घ्या, नानकटाई घ्या."

आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला. धाप लागत होती तरी आला. मी वाकून पाया पडले तेव्हा त्याने डोक्यावर हात ठेवला. "बाबा," मी म्हणाले, "तू असं का..."

"गाडी चुकंल, पोरी," तो म्हणाला.

एसटीत अनुग्रहला मागे जागा मिळाली. मी आणि पप्पा पुढे बसलो. गाडी सुटल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"मी तुझा फार मोठा अपराध केला," ते म्हणाले. "एवढं करून तू ते आमच्यापासून लपवलंस, आणि मी तुलाच..." त्यांनी मान हलवली. "मला क्षमा कर, बेटा."

मला गप्प राहता आलं असतं. मी गप्प राहावं म्हणून बाबाने एवढं केलं होतं. पण पप्पांचा हात माझ्या हातावर होता आणि तो मला सोसवेना.

"पप्पा, मी शाल धरली नव्हती," मी म्हणाले. "मी सांगितलं तेच खरं होतं."

त्यांनी हात काढला नाही. गोदावरीचा पूल मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांना मात्र हे कधी म्हणू नकोस."

मी म्हटलं नाही. त्या नाताळाला आम्ही बाबाला नगरला आणलं, आणि पुढे तो दर हिवाळ्यात येऊन राहू लागला. घरात सगळ्यांनी त्याला मान दिला. आत्या स्वतः त्याला औषधं देत आणि त्याच्याशी बोलताना पदर सावरून बसत. शेजारपाजारचे, चर्चमधले लोक बसायला येत. थोडी माणसं जमली की बाबाचा आवाज खुले आणि तो मळेवाडीची गोष्ट स्वतःच काढे. आता लोक 'गोठा तरी कुठे कोरडा होता' इथे हसत नसत, पुढच्यासाठी थांबत. पुढे पुढे तो शालीचा रंगही सांगू लागला. हिरवी होती म्हणे, काठाला लाल रेघ असलेली. तो दोन्ही हात पसरून दाखवी, बायका डोळे पुसत माझ्याकडे बघत आणि म्हणत, "लेक असावी तर अशी."

बाबाला खरंच तसं आठवू लागलं होतं, की शेवटपर्यंत तो माझ्यापुढे आडोसा धरून उभा होता, हे मला त्याच्या मरणापर्यंत विचारवलं नाही. त्या बायका बोलायला लागल्या की मी चहा आणायच्या निमित्ताने आत जाई आणि ओट्याशी उभी राही, बाहेर बोलणं दुसरीकडे वळेपर्यंत.